नागअळीची नेमकी ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या काटोल-कळमेश्वर भागातल्या आम्हा संत्रा रोपवाटिकावाल्यांतर्फे तुमचे मनापासून आभार. जंबेरीच्या (संत्र्याच्या कलमासाठीच्या खुंटाच्या) कोवळ्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की जो तो ‘नागअळी’ म्हणून मोकळा होतो. पण टोमॅटोवरची नागअळी माशीची आणि संत्र्यावरची पतंगाची, हे तुम्ही भिंग हातात देऊन पटवलंत.

पान उजेडाकडे धरून दहापट भिंगातून पाहायचं. पोखरलेल्या वाटेच्या मधोमध विष्ठेची सलग काळसर रेघ आणि वर चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा दिसला, तर ती फायलोक्निस्टिस सिट्रेला, म्हणजे संत्र्यावरची पतंगाची नागअळी. टोमॅटोवरच्या माशीच्या अळीची विष्ठा दोन्ही कडांना आलटून-पालटून पडते. शिवाय पतंगाची अळी वाढ पूर्ण झाली की पानाची कड रेशमाने दुमडून त्या घडीत कोष करते. मावा किंवा सायला या रस शोषणाऱ्या किडींमुळेही पान वळतं, पण त्यात अशी पोखरलेली वाट नसते.

खात्रीसाठी बरणीची पद्धत उत्तम. घडी असलेलं पान देठासकट खुडून ओलसर टिपकागदावर ठेवायचं, तोंडाला मलमल बांधायची. कागद थबथबीत झाला की बुरशी येते आणि कोष आतच मरतो. निघणारा पतंग पंख पसरून जेमतेम 4 मिमी. पुढचे पंख रुपेरी पांढरे, टोकाशी काळा ठिपका. बोटाने उचलला तर खवले झडतात आणि ओळखच जाते, म्हणून आधी बरणी फ्रीजरमध्ये ठेवायची.

पतंगाऐवजी नागअळीवरच जगणारी बारीकशी परोपजीवी गांधीलमाशी निघाली तर फवारणीचा हात आवरा, हा तुमचा सल्ला आम्हाला सर्वांत मोलाचा. कीटकशास्त्रज्ञ स्टेंटन यांनी 1856 मध्ये या पतंगाचं वर्णन केलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. कीड इकडची, तसे तिचे शत्रूही इकडचेच. फ्लोरिडात ती 1993 मध्ये सापडली, तेव्हा तिथे परोपजीवी बाहेरून आणावे लागले.

अंडी कोवळ्या पानावरच पडतात, म्हणून 5 टक्के निंबोळी अर्क नवती (नवी पालवी) फुटतानाच मारायचा. अळी पापुद्र्याआड गेली की स्पर्शजन्य औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि जून पानांवर मारणं म्हणजे निव्वळ पैसा वाया. कागदी लिंबाच्या रोपांत तर या जखमांतून खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग शिरतो. म्हणून तिथे वरून पाणी शिंपडणं आता बंद केलं आहे.

आपले कृतज्ञ,
संत्रा रोपवाटिकाधारक, जि. नागपूर