'जमतं' हा शब्द खोडून टाक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, 'अपंगत्व भत्त्याचा अर्ज भरून झालाय, उद्या टाकतो.' मी सहज विचारलं, 'चालता येतं का' यापुढे काय लिहिलंस? तू म्हणालास, 'जमतं म्हणून लिहिलंय.' रात्रभर तो एक शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. अजून पाठवला नसशील तर थांब. मुदत संपायला तीन आठवडे आहेत, तेवढे पुरेत.

मान आणि खांद्याच्या दुखण्यासाठी मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा तू शाळेत होतास. तुला काही सांगितलं नव्हतं. मीही प्रत्येक रकान्यात असंच लिहिलं होतं: जमतं, हळूहळू होतं, सांभाळून घेते. अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं की अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यांना रोजची कामं करता येतात. चिडायलाही जागा नव्हती, शब्द माझेच होते. केस विंचरायला हात वर जात नव्हता, वेणी तुझे बाबा घालून द्यायचे, आणि कागदावर मी लिहिलं होतं, 'सांभाळून घेते'.

तुला ही सवय माझ्याकडूनच लागली. गुडघा फोडून घरी यायचास तेव्हा मी म्हणायचे, काही झालं नाही, ऊठ. दुखणं गिळायचं, चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, याला आपण गुण मानत आलो. पण अर्ज वाचणाऱ्याला तुझा चेहरा दिसत नाही, रात्री कूस बदलताना तू कण्हतोस ते ऐकू येत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो. कागदावर जे नाही ते त्याच्या लेखी घडलेलंच नाही.

म्हणून 'जमतं' फोडून लिही. किती वेळ जमतं? दिवसातून किती वेळा? करताना काय होतं आणि केल्यानंतर काय होतं? कुणाचा हात लागतो का? मागे तूच मला सांगितलं होतंस ते आठव: दहा मिनिटं चाललं की कमरेतून डाव्या पायात कळ उतरते, भिंतीला टेकून थांबावं लागतं, घरी आल्यावर तासभर आडवं पडावं लागतं आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर पडता येत नाही. हे सगळं जसंच्या तसं लिही. एखादं काम एकदा करता येणं वेगळं आणि तेच रोज, वेळेत, सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा करता येणं वेगळं. नोकरीला हे दुसरं लागतं. दुखण्याची खरी किंमत कामाच्या वेळी कळत नाही, ती दुसऱ्या दिवशी वसूल होते, आणि नेमका तो दुसरा दिवस आपण लिहायचा विसरतो.

आजपासून एक वही कर. सकाळ, दुपार, रात्र, दोन-दोन ओळी पुरेत: किती वेळ बसलास, किती वेळा उठावं लागलं, झोप किती तुटली, कोणतं काम अर्धवट राहिलं. बरे दिवसही लिही, ते लपवू नकोस. तीन आठवड्यांत बरे किती आणि वाईट किती हे मोजता आलं की 'कधी कधी फार दुखतं' याऐवजी तुला आकडा देता येतो. महिन्यातले आठ दिवस अंथरुणातून उठता येत नसेल, तर कुठल्याही नोकरीत ते आठ दिवस कोण भरून काढणार, हा प्रश्न वाचणाऱ्याला आपोआप पडतो.

दहापैकी किती दुखतं, असं सगळेच विचारतात. प्रत्येक वेळी दहा लिहू नकोस. रोजच दहा असेल तर त्या दहाला अर्थ राहत नाही. तुझ्या सातला काय होतं ते सांग: सातला वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, आठला बोलणं नकोसं होतं, असं. आणि शब्द नीट निवड. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघ: ठणका, कळ, सणक, चमक, आग, टोचणी, मुंग्या, बधिरपणा, जडपणा. १९७५ साली रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॅगिल विद्यापीठात दुखण्याची जी प्रश्नावली केली, तिच्यात असे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. त्यामागे कारण होतं. आग होणं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, मुंग्या येणं हे शब्द ऐकले की डॉक्टरांना मज्जातंतूच्या दुखण्याची शंका येते, जड ठणक्यावरून ते दुसरीकडे शोधतात. 'खूप दुखतं' यातून कुणालाच काही कळत नाही.

तुझ्या एमआरआयबद्दल तू खट्टू होतास, की त्यात विशेष काही निघालं नाही. मला हे समजायला बरीच वर्षं लागली, तुला लागू नयेत. चित्र आणि दुखणं यांची गाठ सैल असते. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या होत्या, ऐंशीच्या लोकांत हेच प्रमाण ९६ टक्के होतं. म्हणजे बिघाड दिसूनही न दुखणारे इतके लोक आहेत. उलट बाजूही तितकीच खरी आहे, चित्र स्वच्छ असूनही दुखणं असतं. सतत येणाऱ्या संदेशांनी मज्जासंस्थाच हळवी होते आणि जखम भरली तरी इशारे देत राहते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय असं सांगतो त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला स्वतःची जागा मिळाली आहे. तुझ्या डॉक्टरांनी जे निदान लिहिलं असेल ते नेमक्या शब्दांत अर्जात उतरव. मात्र निदानाच्या नावावर विसंबू नकोस. एकाच नावाचा आजार घेऊन एक माणूस नोकरी करतो आणि दुसऱ्याला खुर्चीत बसवत नाही. भत्ता त्या खुर्चीच्या प्रश्नावर ठरतो.

आता डॉक्टरांचं. त्यांनी आत शिरताच 'कसं काय?' विचारलं की तू 'बरंय' म्हणतोस, मला माहीत आहे, मी शेजारी बसलेली असते. ते 'बरंय' त्यांच्या टिपणात जातं, आणि उद्या तीच टिपणं अर्जासोबत वाचली जातात. पुढच्या वेळी वही घेऊन जा, एका पानावर सार काढून त्यांच्या हातात दे. त्यांच्याकडून 'रुग्णाला काम जमणार नाही' एवढं एका ओळीचं पत्र घेऊ नकोस, त्याचा फार उपयोग होत नाही. एका वेळी किती बसता येतं, किती उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, दिवसात किती वेळा आडवं पडावं लागतं, कुठल्या तपासणीत काय आढळलं आणि हे किती काळ राहील असं त्यांना वाटतं, एवढं त्यांनी लिहावं अशी विनंती कर. संकोच करू नकोस. चांगल्या डॉक्टरांनाही कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही की अर्जाला काय लागतं.

आजवर केलेले सगळे उपचार लिही, सोडून दिलेलेसुद्धा, आणि का सोडले तेही. फिजिओथेरपी किती आठवडे केलीस, इंजेक्शनने किती दिवस बरं वाटलं. कारण न देता रिकामी जागा सोडलीस तर वाचणारा समजतो की याने प्रयत्नच केला नाही. गोळ्यांचा त्रासही लिही. प्रेगाबालिनने तुला दिवसभर गुंगी असते, बोलता बोलता शब्द हरवतो. हेही काम न जमण्याचंच कारण आहे.

मन खचलंय हे लिहायला तू तयार नाहीस. म्हणतोस, मग म्हणतील की सगळे मनाचेच खेळ. तुझी भीती मला कळते. तरीही लिही. वर्षानुवर्षं झोप नसलेल्या माणसाचं मन खचणारच, आणि त्यासाठी उपचार घेत असशील तर त्या डॉक्टरांचा कागदही जोड.

सूनबाईला एक पान लिहायला सांग. मत नको, तिने डोळ्यांनी पाहिलेलं हवं. ती तुला मोजे घालून देते, दिवसातून किती वेळा हात धरून उठवते. जुन्या कामावरच्या कुणी तू मीटिंगमध्ये भिंतीशी उभा राहायचास हे लिहून दिलं तर फारच उत्तम.

आणि वाढवून एक अक्षरही लिहू नकोस. मागच्या महिन्यात मित्राच्या कार्यक्रमाला गेला होतास, तर तेही लिही: अर्धा तास थांबलो, नंतर दोन दिवस झोपून होतो. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वास उडतो. भत्ता देणाऱ्या कार्यालयाच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तर तिथेही हेच. बसवेना झालं तर उठून उभा राहा, माझ्यासारखा दात आवळून बसू नकोस. गोळी किती वाजता घेतलीस ते मात्र सांग.

नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून अर्जासोबतची माहितीपुस्तिका आधी वाच. 'असमर्थ' कशाला म्हटलंय आणि त्रास किती काळ टिकायला हवा असं म्हटलंय, त्या दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मार. प्रत्येक कागदाची प्रत ठेव. नामंजूर झालाच तर पत्रातलं कारण आणि अपिलाची तारीख आधी बघ, रडू नंतर. माझा दुसऱ्या वेळी मंजूर झाला. दुखणं तेच होतं, लिहिणं वेगळं होतं.

शनिवारी मी येते. तू सांग, मी लिहून घेईन, म्हणजे तुला फार वेळ बसावं लागणार नाही. तोवर पहिल्या पानावरचा तो शब्द तेवढा खोडून ठेव.

तुझी,
आई

ता. क. वहीची पहिली ओळ हे पत्र वाचून झाल्यावरच लिही: हे एका बैठकीत वाचता आलं का, आणि नसेल तर कितव्या परिच्छेदाला उठावं लागलं.