तो लॅकरचा कॅन आधी खाली ठेव

प्रिय मित्रा,

गिटारवरच्या सह्या टिकाव्यात म्हणून त्यांवर लॅकर (पारदर्शक वार्निशसारखा थर) मारायचा तुझा बेत वाचला आणि आधी पत्र लिहायला बसलो. थांब. माझे हात पोळलेत म्हणून सांगतोय.

माझ्या गिटारवर तीन सह्या होत्या. त्यातली एक आता निळसर डाग होऊन बसली आहे. ज्या मार्करच्या शाईला आपण पक्की म्हणतो, ती पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. लॅकरमधल्या थिनरपुढे तर तिचा टिकावच लागत नाही. मी एकच ओला थर मारला आणि डोळ्यांदेखत अक्षरं पसरली. घाबरून पुसायला गेलो, ती आणखी चूक.

तुझ्या गिटारचं फिनिश, म्हणजे लाकडावरचा चकचकीत थर, कुठलं, ते कंपनीला विचार. पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा कडक थर) असेल तर शाई नुसती वर बसलेली असते, साध्या स्पिरिटच्या बोळ्यानेही निघून जाईल. नायट्रोसेल्युलोज (जुन्या पद्धतीचं लॅकर) असेल तर नवं लॅकर जुन्यालाही विरघळवून त्यात मिसळतं, म्हणजे शाई मधल्यामधे सापडते. शेलॅकचं (लाखेच्या पॉलिशचं) नाव काढू नकोस, ते अल्कोहोलमध्येच कालवलेलं असतं.

सरावलेले लोक अगदी हलके, जवळजवळ कोरडे फवारे मारतात, प्रत्येक थर पूर्ण सुकू देतात. त्यांना जमतं. तुला करायचंच असेल तर आधी तोच मार्कर आणि तसंच फिनिश असलेल्या फळकुटावर करून बघ. पण एकदा थर चढला की सहीला धक्का न लावता उतरवता येत नाही, आणि गिटारची वरची फळी थरांनी जितकी जड, तितका आवाज दबतो. चिकटणारी फिल्मही नको. काढताना शाई घेऊनच येईल.

खरा शत्रू तुझाच उजवा हात आहे. वाजवताना कोपराखालचा भाग फळीच्या ज्या कडेवर टेकतो, तिथे सही असेल तर घाम आणि घर्षण तिला खाणार. लांब बाह्यांचा शर्ट घाल, किंवा ही गिटार कमी वाजव (हे तुला पटणार नाही, माहीत आहे). सह्यांवर पॉलिश किंवा मेण लावू नकोस. आजूबाजूला कोरडं मऊ कापड पुरे. उन्हात, खिडकीपाशी टांगू नकोस, शाई फिकी पडते.

आजच चांगले फोटो काढून ठेव. आणि पुढच्या वेळी सही सुट्या पिकगार्डवर (फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात त्या पातळ पट्टीवर) घे, मी आता तेच करतो.

सही नेमकी कुठे आहे, कोपरापाशी की ब्रिजखाली (तारा फळीवर जिथे अडकवतात, त्या पट्टीखाली)? ते कळव, मग बोलू.

तुझाच,
डागवाला