रात्री १:५२ ची फाईल

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गाडीत बसलीस तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो, ते मनाला लागून राहिलंय. जागरणावरून तुला एवढं बोलायला नको होतं. आज त्यावर एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

माळ्यावर आपल्या छपाईच्या दुकानातला निळा डबा सापडला. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, कटिंग मशीनसुद्धा; हा तेवढा वर राहिला. आत जुन्या कॉम्प्युटरच्या अकरा फ्लॉपी. पाचांची पत्र्याची पट्टी सरकवून बघितली तर आत पांढरी बुरशी. तसली घातली की ड्राइव्हचं वाचणारं हेड खराब होतं, म्हणून त्या बाजूला काढल्या. बाकीच्यांची कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे चुकूनसुद्धा त्यावर काही लिहिलं जाणार नाही. राजारामपुरीतल्या एका पोरानं यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह दिला. करकर आवाज सुरू झाला आणि मी एकदम शाहूपुरीतल्या दुकानात.

एका लग्नपत्रिकेची फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी. तेव्हा आपले फॉन्ट युनिकोडचे कुठले? इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. जुना फॉन्ट टाकला आणि पडद्यावर ‘श्री गणेशाय नमः’ उमटलं. प्रियाची पत्रिका. निमंत्रकांत मामांचं नाव. तुझी आई ओल्या हातानं तिथंच उभी राहिली.

फ्लॉपी अवघी १.४४ एमबीची. तुझ्या फोनमधला एक फोटो मावायचा नाही तिच्यात. पण पत्रिका, उधारीची यादी आणि पेंटमधलं एक चित्र एवढं सगळं बसलंय. सोनू डॉट बीएमपी. लाल घर, पाच खिडक्या, दारात काळा ठिपका. तो मोत्या. तारीख ८ मे १९९८, वेळ रात्री १:५२. वाटलं, कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल उतरला असेल. पण आपल्या मशीनचा सेल उतरला की साल १९८० दाखवायचं. शिवाय प्रियाची पत्रिका त्याच रात्रीची, ११:२० ची.

सहा वर्षांची होतीस. आई गडहिंग्लजला, लग्नसराईचं काम अंगावर, आणि तू माझ्या मांडीवर बसून माऊस धरलेला. जागरण तुला मीच लावलं गं.

तरी सांगतो, बारापर्यंत तरी पाठ टेकत जा. काम सकाळी उठून होतं. अण्णांचंही असंच सुरू झालं होतं, आधी नुसतं डोकं दुखायचं, मग... बघ, परत तेच. माफ कर. तू टीम लीड झालीस हे मी चौकात सगळ्यांना सांगून आलो, तुझ्याशी मात्र त्यावर एक शब्द बोललो नाही. लई अभिमान वाटला, सोनू.

चित्र मेलवर पाठवलंय. पाचवी खिडकी रंगवायची राहिली आहे. रात्री उघडू नकोस, सकाळी बघ.

तुझे बाबा