रविवारी फोनवर राहून गेलेलं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी आई एवढंच म्हणाली, "ते हेलिकॉप्टरचं काम सोड गं." मी ड्युटीवर निघाले होते, नीट बोलता आलं नाही. केदारनाथला मे 2025 मध्ये ऋषिकेश एम्सचं अ‍ॅम्ब्युलन्स हेलिकॉप्टर शेपटी मोडून आदळलं, ती बातमी तुझ्या मनातून गेलेली नाही हे मला ठाऊक आहे. आतले तिघे वाचले, तरी भीती खोटी नाही.

बाबांनी विचारलं होतं, पेशंटला लवकर दवाखान्यात न्यायलाच ना हे? इथे जर्मनीत ते आधी डॉक्टरला पेशंटपाशी पोचवायला असतं. 1 नोव्हेंबर 1970 ला म्युनिकमध्ये 'क्रिस्टोफ 1' नावाचं असं हेलिकॉप्टर सुरू झालं. प्रवाशांना सांभाळणारा संत क्रिस्टोफ, त्याच्या नावापुढे नंबर, अशीच बहुतेकांची नावं. 112 वर फोन आला की कंट्रोल रूम ठरवते, आणि साधारण दोन मिनिटांत आम्ही हवेत. पायलट, पॅरामेडिक (तातडीच्या उपचारात डॉक्टरला मदत करणारा) आणि डॉक्टर म्हणून मी. पॅरामेडिक पायलटशेजारी बसून विजेच्या तारा शोधत असतो, कारण उतरताना तारांचा मोठा धोका असतो. अंधार पडला की बहुतेक हेलिकॉप्टर थांबतात. धुकं असलं आणि पायलट 'नाही' म्हणाला, की कोणी वाद घालत नाही, मीसुद्धा नाही. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय.

परवा एका शेतात उतरलो. आजोबा स्वयंपाकघरात फरशीवर, ओठ निळे पडलेले, श्वास अडकत होता. टेबल बाजूला ओढलं, गुडघ्यांवर बसूनच भूल देऊन श्वासासाठी घशातून नळी घातली. ओठांचा रंग परतला. आजी दारात उभ्या, आजोबांचा चष्मा दोन्ही हातांत घट्ट धरून. दवाखाना जवळ होता, म्हणून न्यायचं रस्त्यानेच ठरलं. मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आजोबांच्या उशाशी बसले, हेलिकॉप्टर रिकामं परतलं.

तो चष्मा बघून मला लोकमान्यनगरचं आपलं घरच आठवलं. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा दादाने त्यांना गाडीत घालून नेलं, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला. दादाची चूक नाही, कोणीही तेच केलं असतं. पण वाटेत हृदय बंद पडलं असतं तर शॉक द्यायला गाडीत काहीच नव्हतं. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

आपल्या मध्य प्रदेशातही 2024 पासून पीएमश्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स आहे, आयुष्मान कार्डवाल्यांना मोफत. चांगलंच झालं. पण घरी काही झालं तर तुम्हाला लागणार 108 च. फोन करताना आधी पत्ता आणि जवळची खूण सांगायची, मग काय होतंय ते. फोन आपण ठेवायचा नाही, ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. कुणाला तरी गल्लीच्या तोंडाशी उभं करायचं. आणि बाबा, स्वतः गाडी काढून निघायचं नाही, कितीही बरं वाटत असलं तरी.

सगळ्या गोळ्यांची नावं आणि किती एमजी, ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो मला आजच पाठवा. आईची थायरॉइडची गोळी विसरू नका.

तुमची,
मुक्ता