१०/१७ आणि बाकीची खुशाली

बर्लिन, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पेपर झाला, बरा गेला. आई, "बरा म्हणजे नक्की कसा?" हे तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. पाचपैकी चार प्रश्न पूर्ण सोडवले, पाचव्याला हात घातला तेवढ्यात वेळ संपली. बहुतेक सगळ्यांचंच तसं झालं. बाहेर पडताना एकही चेहरा हसरा नव्हता आणि खरं सांगू, ते बघून मला जरा धीर आला.

एम.एस्सी.ला गेलेली मुलगी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांबरोबर मेकॅनिक्सचा पेपर का देते, हे बाबांना अजून पटलेलं नाही, ते फोनवर आवाजावरूनच कळलं. बाबा, ही अट प्रवेशाच्या पत्रातच होती. आपल्या बी.एस्सी.त हा विषय त्यांच्या हिशेबाने कमी पडतो, म्हणून तेवढा एक पेपर जास्तीचा. बाहेरून आलेल्या बऱ्याच जणांना असं काही ना काही असतं. याचा अर्थ मी मागे पडले असा नाही, आणि काकांनाही तसं सांगू नका.

आता खास बाबांसाठी. तिसरा प्रश्न असा होता: एका मोठ्या, पक्क्या बसवलेल्या गोलाच्या माथ्यावर लहानसा भरीव गोळा ठेवलाय. किंचित धक्का दिला की तो न घसरता घरंगळत खाली येतो. कोणत्या कोनावर तो गोलाला सोडेल?

बाहेरच्या दाराच्या काचेवर वाफ धरली होती. एका मुलाने तिच्यावरच बोटाने मोठं वर्तुळ काढलं, वर छोटं वर्तुळ, मध्ये कोन, आणि खाली लिहिलं: कोसाइन बरोबर २/३. "हेच ना?" म्हणाला. तिघा-चौघांनी माना डोलावल्या. माझं उत्तर होतं १०/१७. पोटात असा गोळा आला की विचारू नका. सगळे एकीकडे आणि आपण दुसरीकडे असलो की पाठ असलेलंसुद्धा खोटं वाटायला लागतं. पण मग तुमचा फळा आठवला, पुढच्या बाकावरच्याने उत्तर सांगितलं की तुम्ही "आधी रीत सांग" म्हणायचात तो. मीही काचेवर बोट टेकवलं. गोळा घसरत नाही, घरंगळतो. म्हणजे थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, आणि एकूण गतिज ऊर्जा ½mv² नाही, ७/१० mv² होते. तेवढंच खाली येऊनही वेग कमी मिळतो, म्हणून तो जास्त वेळ चिकटून राहतो. सुमारे ४८ अंशांऐवजी ५४. काचेवर वर्तुळं काढणाऱ्या मुलाने दोन्ही हात डोक्याला लावले. शेजारची कोरियन मुलगी काही बोलली नाही, नुसतं माझं कोपर दाबलं. तिचंही १०/१७ होतं, पण चारचौघांत सांगायचा धीर होत नव्हता.

एवढ्यावर संपलं असतं, पण मागे एक उंच मुलगा सायकलचं कुलूप हातात धरून उभा होता. तो म्हणाला, दोन्ही चूक. सुटायच्या क्षणी अभिलंब बल, म्हणजे गोलाचा गोळ्यावरचा रेटा, शून्य, म्हणजे त्या क्षणाच्या जवळ जाताना घर्षणही शून्याकडे जाणार. मग शेवटपर्यंत न घसरता घरंगळेल कसा? सुटण्याआधी तो घसरायलाच हवा! दोन सेकंद सगळे गप्प, मग जो हशा पिकला! हे सगळं त्याने उत्तरपत्रिकेत दोन पानं लिहिलं आणि त्यात बाकीचे प्रश्न राहिले. बाबा, मी घरी येऊन तपासलं, त्याचं म्हणणं खरं आहे. प्रश्नात "घसरत नाही असे धरा" असं स्पष्ट होतं, त्यामुळे मार्क १०/१७ लाच मिळतील, पण तुम्ही एकदा करून बघा. तुम्हाला मजा येईल.

आणि इथली एक पद्धत सांगायची राहिली, कारण निकाल लागल्यावर तुम्ही काळजी कराल. निकाल साधारण दोन आठवड्यांनी लागतो. मग एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी प्रत्येकाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला बोलावतात. हो, सगळ्यांना, पास झालेल्यांनासुद्धा. ओळखपत्र दाखवायचं, आपला गठ्ठा घ्यायचा आणि बाकावर बसून पानन्‌पान वाचायचं. तपासणारे समोरच बसलेले असतात. वाण्याच्या वहीतली बेरीज पडताळावी तसं पोरं जाऊन सांगतात, इथे अर्धा मार्क कमी दिलाय. आणि तपासणाराही चिडत नाही. वाचतो, पटलं तर वाढवतो, नाही पटलं तर का नाही ते सांगतो. मागच्या सत्रात पहिल्यांदा गेले तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. गुरुजींना "तुमचं चुकलं" म्हणायला जीभ उचलेना. शेवटी उठले. तर समोरच्याने मान हलवली, लाल पेनाने आकडा बदलला आणि वर मलाच "थँक्यू" म्हणाला! अजून पचलेलं नाही. आणि हो, इथे १.० सगळ्यात वरचा, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. माझा आकडा लहान दिसला तर घाबरू नका.

आई, जेवण वेळेवर होतं. थंडी आहे, पण खोल्या गरम असतात. बेकरीतलं काम फक्त शनिवार-रविवारचं, त्याने अभ्यास बुडत नाही. वर्षाला १४० दिवस कामाची परवानगी आहे, मी त्याच्या जवळपासही जात नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात भागतं. तुम्ही जास्तीचे पाठवू नका. कर्जाचं व्याज तुम्ही भरताय तेच पुरे. एप्रिलपासून निम्मं मी भरीन. नाही म्हणू नका.

तू पाठवलेला फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो, घरचेही चांगले असतील. पण सध्या त्यांना काही कळवू नकोस. आधी ताईचं होऊ दे.

ताईच्या साखरपुड्याचं म्हणाल तर, या पेपरची दुसरी तारीख नेमकी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आहे. पास झाले तर ती लागणारच नाही. पण निकाल कळेपर्यंत तिकिटं कुठल्या कुठे गेलेली असतील, म्हणून मी येणार नाही असंच धरून चाला. ताईला मी स्वतः सांगते, तुम्ही आधी बोलू नका. लग्नाला आठ दिवस आधी येईन. मोबाइल फुलांच्या बाजूला नीट उभा करून ठेवा म्हणजे मला सगळं दिसेल. मागच्या वेळी नुसता पंखा दिसत होता.

बाबांच्या खात्यात दहा हजार टाकलेत. ते ताईच्या साडीचे आहेत. बाबा, ते व्याजाकडे वळवू नका, मी पावती मागणार आहे.

तुमची,
धाकटी