सुन्या, बॅटरीचं तुझंच बरोबर होतं

प्रिय सुन्या,

गणपतीपासून तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. राग धर हवा तर, पण हे पूर्ण वाच, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. इथं कुणाकडे विषय काढला की 'नवीन घे की' एवढंच ऐकायला मिळतं. तब्येत ठीक, उजवा खांदा अजून पूर्ण वर जात नाही, फिजिओ चालूय. बास.

तर तो ट्रॅक्टर. जनरल इलेक्ट्रिकचा एलेक-ट्रॅक, बॅटरीवर चालणारा छोटा बागेतला ट्रॅक्टर, फोटो पाठवले होते बघ. १९६९ ते १९७५ एवढीच वर्षं निघाला, इथनं अर्ध्या तासावरच्या स्केनेक्टडीत. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, ३६ व्होल्ट, गवत कापायच्या प्रत्येक पात्याला स्वतंत्र मोटर. आपण रांगत होतो तेव्हा लोकांनी हे करून ठेवलेलं रे! १९७३ ला तेलाचा एवढा भडका उडाला तरी पुढं दोन वर्षांत बंद झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता थंडीत त्याला पुढं बर्फ ढकलायचं पातं लावलंय, साठेक किलोचं. दर फेरीला ते उचलायचं, टेकवायचं, परत उचलायचं, सगळं बाजूच्या दांड्यानं, आणि माझा खांदा हा असा. काही मॉडेलना इलेक्ट्रिक लिफ्ट यायची पण त्याचे जुने पार्ट काही मला मिळाले नाहीत. म्हणून विंच बसवली. दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारी मोटर, जीपच्या पुढं असते तसलीच, छोटी, २००० पौंडांची, म्हणजे ९०० किलो ओढणारी. आधी दोर सरळ पात्याला बांधला तर पातं इतक्या झटक्यात वर आलं की घाबरलोच, मग कप्पी टाकून दोर डबल केला, वेग निम्मा आणि मोटरवरचा ताणही निम्मा. स्टीलचा दोर काढून सिंथेटिक घातला, कारण पातं टेकलं की दोर ढिला सोडावाच लागतो, नाहीतर ते जमिनीच्या उंचसखलाबरोबर तरंगत नाही, आणि ढिला स्टीलचा दोर ड्रमवर कसा गुंता करतो ते विहिरीच्या क्रेनवर आपण दोघांनी बघितलंय (बाप्याची चप्पल आठवली का, अजून हसू येतं). पहिल्याच दिवशी पातं वर पोचल्यावर बटण सोडायला जरा उशीर झाला आणि ६ एमएमची प्लेट वाकून बॉनेटला टेकली. ९०० किलोची ओढ आहे, ती कशाला थांबतेय! आता लिमिट स्विच लावलाय, पातं वर आलं की सप्लाय कट.

पण खरी गोष्ट ही नाही. विंच १२ व्होल्टची आणि गाडी ३६ ची. मी काय केलं असेल ते तू ओळखलंसच. शेवटच्या दोन बॅटऱ्यांवरनं वायरी काढल्या, सहा अधिक सहा बारा, झालं काम. महिनाभर अगदी मस्त चाललं. मग गाडी चढावर मरायला लागली. परवा रात्री झाकणं उघडून हायड्रोमीटर घातला, ॲसिडची घनता बघायला, आकडा जेवढा मोठा तेवढी बॅटरी भरलेली. चार बॅटऱ्या १.२६० आणि त्या दोन १.१८०. आणि गॅरेजात उणे दहात उभ्या उभ्या मला शिरोली नाका दिसला, तो उसाचा ट्रक, २४ व्होल्टचा, आणि टेपसाठी एकाच बॅटरीवरनं १२ काढणारा मी. तू तेव्हा ओरडला होतास, जोडीतला एक बैल रात्री दुसऱ्याच्या गाडीला जुंपायचा आणि सकाळी दोघांना सारखाच चारा टाकायचा, कसं चालेल? चार्जिंगचा करंट दोघींतनं तेवढाच जाणार, एक उपाशी राहणार, दुसरीचं पाणी उकळून जाणार. मी म्हणलं होतं, तू मालकाचा चमचा आहेस. सहा महिने बोललो नाही आपण, सुन्या, तुझ्या साखरपुड्यालाही आलो नाही. एका टेपवरनं. ती बॅटरी मेली हे मला नंतर कळलं होतं, तरी मी तुझ्यापुढं कधी कबूल केलं नाही. आज करतो.

आता विचार असा आहे. ३६ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर थेट विंचला चालायचा नाही, पातं उचलताना क्लॅम्प मीटरवर ३० अँपिअर दिसतात आणि सुरुवातीचा झटका त्याहून मोठा. म्हणून विंचला स्वतःची वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, सीटच्या मागं, आणि सहाही बॅटऱ्यांच्या दोन टोकांवरनं एक बारका कन्व्हर्टर तिला हळूहळू चार्ज करत राहील. उचलणं पाच सेकंदांचं, भरायला पुढचा सगळा वेळ. म्हणजे सहाही बैलांवर ओझं सारखं. पण ३६ ची लाइन चासीला कुठंच जोडलेली नाही, मीटरनं तपासलं, आणि विंचची बॉडी चासीवर बोल्ट केलीय. म्हणून इनपुट-आउटपुट आतून तुटक असलेला, म्हणजे ३६ आणि १२ च्या लाइनी एकमेकींना न जोडणारा कन्व्हर्टर घ्यावा असं मला वाटतं. फ्यूज दोन्हीकडं. यात काही चुकतंय का ते सांग, या वेळी तू सांगशील तसंच करणार.

सायलीचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का पुढं ढकललं? वहिनींना नमस्कार. शेड वाढवायचं काय ठरलं तेही कळव. आणि अण्णांचा तो काचेचा हायड्रोमीटर अजून कपाटात असेल तर टाकू नकोस, मी मे महिन्यात येतोय, मला दे.

त्या दोन बॅटऱ्या सोडवून वेगळ्या चार्जिंगला लावल्यात, सावकाश वर येतायत, मघाशी १.२१५ होत्या. जाऊन पाणी बघतो.

तुझाच,
दिग्या