आई-बाबा, नव्या खात्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शनिवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले, तेव्हापासून मला चैन नाही. तुम्हाला न विचारता मी कोपऱ्यावरच्या बँकेतून फॉर्म आणून ठेवले, ते चुकलंच. पण खातं हलवायचं हे मात्र आता नक्की आहे.

बाबा, तुमची बँक वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या हॉस्टेलचे पैसे तिथूनच यायचे, ते मी विसरलेली नाही. पण विट्याच्या जागेचे पैसे धरून तुमच्या एकट्याच्या नावावर तिथे 11 लाखांच्या ठेवी आहेत. ठेवींचा विमा माणशी, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून फक्त 5 लाखांचा असतो. फेब्रुवारी 2020 च्या आधी तर तो एकच लाख होता. तीन वेगळ्या पावत्या केल्या किंवा दुसऱ्या शाखेत ठेवल्या म्हणून तो वाढत नाही, आणि बचत खात्यातली शिल्लकही त्यातच मोजली जाते. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजारच रुपये काढता येत होते. तुमच्या औषधांवर तशी वेळ येऊ नये, एवढंच माझ्या मनात आहे. शिवाय शाखा वरच्या मजल्यावर गेल्यापासून तुमचा गुडघा किती सुजतो, ते आईने मला सांगितलंय. तिला रागावू नका.

ठेवी एकदम मोडायच्या नाहीत. मुदतीआधी मोडली की पैसे जितके दिवस राहिले तितक्याच दिवसांचा दर मिळतो आणि त्यातूनही साधारण टक्काभर कापतात. म्हणून दोन महिन्यांपूर्वीची 3 लाखांची पावती तेवढी मोडू, तिच्यात नुकसान फारसं नाही. ते पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील, दर तिमाहीला व्याज येईल. दिवाळीत मुदत संपणारी 4 लाखांची नव्या बँकेत. तिच्यावर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे, ती आधी लेखी रद्द करा, नाहीतर ती परस्पर पुढच्या वर्षात जाईल. उरलेली जुन्या चांगल्या दराची 4 लाखांची तिथेच राहू दे. म्हणजे तुमची बँक पूर्ण सुटत नाही, बाबा.

आता पेन्शन. इथेच लोक फसतात. मोबाईलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, तसं बँक खात्याचं नाही. नंबर नवा, आयएफएससी कोड नवा. नुसतं नव्या बँकेला सांगून पेन्शन हलत नाही. कोषागारात अर्ज द्यावा लागतो, सोबत पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक. पोच घ्या, शिक्का बघून घ्या. हे याच महिन्यात करायचं, कारण हयातीच्या दाखल्याच्या याद्या कोषागारातून बँकेकडे जातात आणि नोव्हेंबरमध्ये त्यावर सही करायची असते. ऐन तेव्हा खातं बदललं तर नाव जुन्या बँकेच्या यादीत राहतं आणि पेन्शन अडकते. नव्या खात्यात आईचं नाव दुसरं घालू, 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना देऊन.

नव्या खात्यात पेन्शन दोनदा जमा होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. त्यात किमान शिल्लक सोडून वर 10,000 ठेवा. मेडिक्लेमचा हप्ता आणि महावितरणचं बिल तिथूनच आपोआप कापलं जातं. ते नव्या खात्यातून कापण्याचा आदेश नोंदला जायला काही आठवडे जातात, आणि मधल्या काळात हप्ता परत गेला तर बँकेचा दंड पडतोच, मेडिक्लेमही खंडित होऊ शकतो. एलआयसीच्या जीवन अक्षय या पेन्शन योजनेचे पैसे येतात, तिथेही नव्या खात्याचा तपशील आणि रद्द चेक द्यायचा आहे.

आई, गॅसचं अनुदान आधारला जोडलेल्या एकाच बँकेत येतं. नव्या बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही. अनुदान याच खात्यात हवं, अशी वेगळी संमती लिहून दे आणि जुन्या बँकेचं नावही लिही. तुझ्या अपघात विम्याचे वर्षाला 20 रुपये जातात ना, तेही लक्षात ठेव. खातं बंद झालं की विमा संपतो, म्हणून त्याच दिवशी नव्या बँकेत पुन्हा अर्ज भर.

बाबा, हात थरथरतो म्हणून सहीची काळजी करू नका. हल्ली जशी येते तशीच सही नमुना म्हणून द्या, जुनी वळणदार सही घोटत बसू नका. चेक त्यामुळेच परत येतात. आधार, पॅन आणि पीपीओवर तुमचं नाव तीन तऱ्हांनी आहे, तेवढं आधी एकसारखं करून घेऊ. वारसनोंद मात्र करायची राहू देऊ नका. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नावं चालतात. तुमच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवींवर आई, मी आणि दादा. दादाचं नाव घालायचंच.

आणि तुम्हाला रांगेत उभं राहावं लागणार नाही. सत्तरीपुढच्यांना घरी रोख आणून देण्याच्या सोयीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत त्याची नोंद करून घेऊ. स्वतः जायचं म्हटलं, तरी पेपर वाचून, चहा घेऊन निघालात की दहा मिनिटांत नव्या बँकेत पोचाल, एकही जिना नाही.

कार्डाचा पिन कॅलेंडरच्या मागे लिहायचा नाही, आई. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. पासबुकात आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी छापून घ्या आणि व्याजाचा दाखला मागा, नंतर विवरणपत्राच्या वेळी धावपळ होते. शेवटी बचत खातं बंद करायचं तेव्हा उरलेले चेक आणि कार्ड परत द्यायचं. त्याआधी त्या 4 लाखांच्या ठेवीचं व्याज नव्या खात्यात वळवून घ्या. जुनी पासबुकं मी फेकणार नाही. तुमच्या लोखंडी पेटीत, तुम्ही ठेवता त्याच क्रमाने राहतील.

मी 12 तारखेला येतेय, कोषागारात आपण दोघं जाऊ. तोवर पासपोर्ट आकाराचे प्रत्येकी चार फोटो काढून ठेवा. बाबा, निळा शर्ट घाला. आणि उद्या सकाळी फोन करेन, तो तुम्ही उचला.

तुमची,
छकुली